गळेकरी

येळगाव धरणात आज पाणी किती, हे बुलडाण्यात ज्याला खात्रीनं माहीत असतं तो इंजिनिअर नसतो, गळेकरी असतो. कालच्यापेक्षा पाणी किती बोटं उतरलं, कुठला खडक उघडा पडला, सगळं त्याला तोंडपाठ. फरक एवढाच, की पाणी उतरलं की गाव हवालदिल होतं आणि हा आतल्या आत खुलतो. पाणी आटलं की मासे डोहात गोळा होतात ना!

ओळखायला सोपा. साठी उलटलेली, जिल्हा परिषदेतून नाहीतर शाळेतून निवृत्त. स्कूटरला अडकवलेल्या पिशवीतून छत्रीसारखं काहीतरी डोकावत असतं. पाऊस आला की हा भिजतो, तेव्हा कळतं ती छत्री नव्हती.

इतरांचे छंद मोसमी असतात, याचा बारमाही. पावसाळ्यात पैनगंगेला गढूळ लोंढा आला, की चढणीच्या माशांसाठी हा काठावर हजर. हिवाळ्यात मुक्काम खडकपूर्णेवर. तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागे दुर्बिणवाले. दोघं एकाच काठावर तास न् तास निश्चल बसतात आणि एकमेकांकडे ‘बिचारा’ म्हणून बघतात. उन्हाळ्यात तर कमालच. इंग्रजांनी थंड हवा पाहून बुलडाण्याला जिल्ह्याचं ठाणं केलं. मे महिन्यात मलकापूर-खामगावची माणसं घाट चढून वर येतात. हा तेवढा डोक्याला पंचा बांधून राजूर घाट उतरतो आणि नळगंगेच्या काठी तापलेल्या दगडावर जाऊन बसतो.

त्याचा खरा सल आहे लोणार. जगाच्या पाठीवरून लोक ते सरोवर बघायला येतात, 2020 साली त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा तर टीव्हीवाल्यांची रीघ लागली, त्याच वर्षी ते रामसरच्या यादीतही गेलं. पण पाणी खारं आणि अल्कधर्मी. रोहू-कटल्यानं तिथे एक दिवस काढायचा नाही. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना हा लोणार दाखवतो खरा, पण लग्नात जेवण नसलेल्या मांडवाकडे बघावं तसा कडेला उभा राहतो.

मासे मात्र त्याला माणसांसारखे कळतात. रोहू, कटला, मृगळ धरणाच्या साचलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत, त्यांची बोटुकली बाहेरून आणून सोडावी लागते. म्हणून त्याच्या लेखी ते सगळे बदलीवर आलेले कर्मचारी, इथे रमतीलच असं नाही. हिरालाल चौधरींनी 1957 साली ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण करून दाखवली, ही गोष्ट तो नातवाला रामायणासारखी सांगतो. तिलापियाबद्दल मात्र शब्द काढू नका. 1952 साली देशात आला आणि न बोलावता जागोजागी पसरला. तो गळाला लागला की याचं तोंड वाकडं होतं. मरळ लागली तर मात्र तीन दिवस चाल बदलते.

आमिषाची गोळी हे त्याचं खाजगी प्रकरण. परातीत कणीक, भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, चिमूटभर हळद, ओली केलेली ढेप. मग मागे वळून कुणी बघत नाही ना याची खात्री करून खिशातल्या पुडीतून तो शेगावच्या कचोरीचा चुरा टाकतो. गोळी अंगठ्यानं दाबून बघतो, नाकाशी नेतो, जरा जिभेलाही लावतो. माशाला काय आवडतं हे याच्या जिभेला कसं कळतं, हे विचारण्याची सोय नाही.

धरणातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असतो. जाळी टाकणारे भोई बांधव थर्माकोलच्या तराफ्यावरून पहाटे येऊन दोन तासांत काम उरकून जातात. चौकीदार याला हटकत नाही, कारण तंबाखूची चंची याचीच असते आणि दिवसभरात याच्या हाती जे लागतं त्यानं ठेकेदाराचं काही बुडत नाही.

आता घरची बाजू. बाई माळकरी. मासोळी उंबऱ्याच्या आत येणं शक्य नाही. म्हणजे हा वर्षभर जे पकडतो ते शेजारी वाटतो, आणि स्वतः घरी येऊन वरण-भात खातो.

“चोखोबाच्या नावाचं धरण ते,” बाई म्हणतात, “अन् तुमी तिथं बसून जीव मारता!” खडकपूर्णेच्या जलाशयाला संत चोखासागर म्हणतात, त्यामुळे याला उत्तर सुचत नाही. मागे एका व्याख्यानात त्यानं ऐकलं, की बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वरानं ‘मानसोल्लास’ ग्रंथात गळानं मासे धरण्यावर लिहून ठेवलंय. घरी येऊन त्यानं ते मोठ्या तोऱ्यात सांगितलं. राजेलोकांचा खेळ आहे हा!

“राजा होता थो. त्याले बजार आनाचा नव्हता.”

शेवटी गेल्या चातुर्मासात त्यानं तहाचा प्रस्ताव मांडला: पकडायचा आणि परत सोडायचा. परदेशात म्हणे अशीच रीत आहे. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. “सोडाचाच हाये त त्या मुक्या जीवाले गळ कायले टोचता? बसाचंच हाये त तसेच बसा ना.”

बिनतोड होतं. पुढच्या रविवारी हा गळ घरी ठेवून गेला आणि नेहमीच्या दगडावर नुसताच बसला. तासाभरात चौकीदार दोनदा चक्कर मारून गेला. तिसऱ्यांदा तो शेजारीच टेकला, स्वतःची तंबाखू पुढे केली आणि हळूच विचारलं, “सायेब, घरी काही झालं काय?” मागून गुरं चारणारा पोरगाही येऊन उभा राहिला. दुपारपर्यंत बातमी गावात पोहोचली. संध्याकाळी दोन जुने सहकारी चौकशीला घरी येऊन बसले, बाईंना त्यांचा चहा करावा लागला.

सोमवारी सकाळी गळाची पिशवी बाईंनीच स्कूटरला अडकवून ठेवली होती.