दाराआडच्या काठीस खुले पत्र

श्रीमती काठीबाई,
मुक्काम दाराआड, मंद्रूप, तालुका दक्षिण सोलापूर.

स. न. वि. वि.

पत्र तुम्हालाच लिहितो आहे, तुम्हाला धरणाऱ्या हाताला नाही. त्या हाताशी भांडण नाही. वडिलांनी कुत्रं जसं शिकवलं तसं तो शिकवतो, आणि कुत्र्याला रोज भाकरी घालणाराही तोच. शिवाय तुमची सेवा मोठी. माळावर मेंढरं वळवलीत, अंधारात साप हुसकलेत, म्हाताऱ्यांना आधार दिलात. शाळेतही होतात, पण १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि तिथली तुमची नोकरी संपली. पोरं तरीही पाढे शिकतात. आता कुत्र्याच्या शिकवणीतूनही सन्मानानं निवृत्त व्हावं, एवढीच विनंती.

तुमची अडचण अशी, की तुमचा आवाज मोठा, पण म्हणणं काय ते कुत्र्याला उमगत नाही. दुपारी चप्पल फाडली, संध्याकाळी तुम्ही पाठीवर उमटलात. कुत्र्याच्या हिशेबी तो मार चपलेचा नसतो, मालक घरी आल्याचा असतो. कान पाडून, शेपूट पोटाखाली घेऊन ते बसलं की आपण म्हणतो, बघा, चूक कळली! अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेनं २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. मना केलेला खाऊ काही वेळा कुत्र्यानं खाल्लेला असे, काही वेळा नसे. पण अपराधी चेहरा दिसे तो मालक रागावला म्हणून. काही न खाल्लेलं कुत्रंही रागावल्यावर तसंच दिसे. म्हणजे तो पश्चात्ताप नव्हे, धसका. त्याच वर्षी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांची पाहणी आली. कुत्र्याच्या वागण्याची तक्रार घेऊन आलेल्या ज्या मालकांनी मारून किंवा लाथ घालून पाहिलं होतं, त्यांपैकी ४३ टक्क्यांनी सांगितलं, की कुत्रं उलट अंगावर आलं. ही कुत्री आधीच बिघडलेली होती, हे खरं. पण तुम्हाला बोलावणं येतं ते अशांसाठीच. गुरगुरल्याबद्दल मार खाणारं कुत्रं गुरगुरायचं सोडतं, चावायचं सोडतंच असं नाही. फुत्कारायचा थांबला म्हणून नाग बिनविषारी होत नाही.

तुम्ही म्हणाल, वस्तीवरचं कुत्रं तापटच हवं, लाडावलेलं कुत्रं चोरापुढेही शेपूट हलवील. पण राखणीला तापटपणापेक्षा पारख लागते: घरचा कोण, दूध न्यायला आलेला कोण आणि मध्यरात्री कुंपण ओलांडणारा कोण. उचललेल्या प्रत्येक हाताला भिणाऱ्या कुत्र्याला ही पारख यायची कशी? काठी चोराच्याही हातात असते. दुसरा आक्षेप लाचेचा. लाच कामाआधी देतात, मजुरी कामानंतर. कडक भाकरीचा चिंचोक्याएवढा तुकडा चिमटीत धरून कुत्र्याच्या नाकावरून हळूच मागे नेला, की मान वर जाते आणि बूड आपोआप टेकतं. टेकल्या क्षणी ‘बस’ म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. शेंगाचटणी मात्र आपल्याच ताटात ठेवायची. रोज पाच मिनिटं पुरतात. जमू लागलं की तुकडा अधूनमधून, पुढे बहुतेक वेळा शाबासकीवर भागतं. तिसरा आक्षेप, तुमच्या धाकानंही कुत्री शिकलीच की! शिकली, नाकारत नाही. पण त्याचं निम्मं श्रेय कुत्र्याच्या सोशिकपणाचं. काय करू नये एवढंच तुम्ही सांगता. काय करावं, ते बिचारं अंदाजानं शोधतं. तुकडा तेच थेट सांगतो.

कायद्याचा धाक घालत नाही. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये; तेवढ्यानं कुणाची सवय मोडत नाही. ती पटूनच मोडते. खंडोबाच्या नि दत्ताच्या पायाशी कुत्रं बघून हात जोडणाऱ्या माणसांना हे पटवणं अवघड नसावं.

तेव्हा काठीबाई, दाराआड खुशाल राहा. सापासाठी आणि म्हाताऱ्यांसाठी तुमची गरज आहेच. कुत्र्याच्या बाबतीत मात्र आजपासून रजा घ्या, आणि तुम्हाला धरणाऱ्या हाताला जाताजाता एवढंच सांगा: हाक मारल्यावर कुत्रं कितीही उशिरा आलं, तरी आलेल्या कुत्र्याला मारू नये. नाहीतर पुढच्या हाकेला ते येणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
भाकरीच्या बाजूचा एक