कोडिंग इंटर्नशिप : प्राप्ती आणि निभाव

कोडिंग इंटर्नशिप ही अनुभव नसलेल्यांना अनुभव मिळावा म्हणून केलेली सोय असून तिच्यासाठी पूर्वानुभव लागतो. व्याख्येतला हा पेच सोडवायला उमेदवाराने जाऊ नये. जाहिराती लिहिणाऱ्यांनीही तो सोडवलेला नाही. 'फक्त फ्रेशर्ससाठी, रिॲक्टचा किमान एक वर्षाचा अनुभव आवश्यक' हे वाचून ज्याला हसू येते तो अजून दुसऱ्या वर्षाला असतो. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी मुकाट्याने अर्ज भरतो.

तिसऱ्याच वर्षी का, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये त्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात इंटर्नशिप हा चार क्रेडिटचा विषयच आहे. पूर्वी हौशी मुले सुटीत जे करीत ते टर्मवर्कमध्ये बसले, आणि टर्मवर्कमध्ये बसलेल्या प्रत्येक गोष्टीचे जे होते ते त्याचेही झाले: फाइल आली, शिक्का आला, सबमिशनची शेवटची तारीख आली. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथे इमारतींना तोटा नाही. पण नवख्या पोराला शेजारी बसवून काम शिकवील असा मोकळा माणूस त्यांत शोधावा लागतो. एवढ्या मुलांना एकाच वेळी पुरेल इतके काम नाही म्हटल्यावर बाजाराने काम वगळले आणि नुसता कागद विकायला काढला. म्हणून इंटर्नशिपचे दोन प्रकार मानावेत: कागदाची आणि कामाची.

कागदाची इंटर्नशिप मिळवण्यास कोणतीही पात्रता लागत नाही. सकाळी अर्ज केला की संध्याकाळपर्यंत ऑफर लेटर येते, आणि शेकडो अर्जांतून निवड झाल्याबद्दल त्यात अभिनंदन असते. मुलाखत नसते, कारण ती घ्यायला माणूस लागतो. मग एक पीडीएफ येते. तीत पाच 'टास्क' असतात, त्यांतले कोणतेही तीन करायचे: कॅल्क्युलेटर, टू-डू लिस्ट, एखाद्या नामांकित संकेतस्थळाच्या पहिल्या पानाची नक्कल. गेल्या बॅचच्या मुलाने केलेले टास्क पाठवले तरी चालतात, फक्त त्यातले त्याचे नाव काढायला विसरू नये. आणि विसरले तरी अडत नाही. महिन्याने प्रमाणपत्र तयार होते व 'प्रोसेसिंग फी' भरल्यावर हाती येते. त्याच्या तळाशी शिक्क्यांची रांग असते, लग्नपत्रिकेच्या तळाशी काका-मामांची असते तशी. तीत एमएसएमईचा शिक्का हटकून सापडतो. उद्यम पोर्टलवरची ही नोंदणी घरबसल्या होते, फुकट होते आणि अर्जदार स्वतःबद्दल जे सांगेल त्यावर होते. पिठाच्या गिरणीलाही ती मिळते. गिरणीतून निदान दळण तरी घरी येते.

शिक्क्यांपेक्षा कंपनीचा सीआयएन वाचावा. प्रायव्हेट लिमिटेड म्हणवणाऱ्या प्रत्येक कंपनीला हा एकवीस खुणांचा क्रमांक असतो आणि तो कुंडलीसारखा मांडता येतो. पहिले अक्षर कंपनी शेअर बाजारात आहे की नाही ते सांगते, पुढचे पाच आकडे धंदा सांगतात, मग राज्याची दोन अक्षरे, महाराष्ट्राला एमएच, मग नोंदणीचे साल, कंपनीचा प्रकार सांगणारी तीन अक्षरे आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. 'दशकभरात हजारो विद्यार्थी घडवणाऱ्या' संस्थेच्या क्रमांकात साल गेल्याच वर्षाचे निघाले, तर ते हजारो विद्यार्थी बालवाडीत असताना घडले असावेत. क्रमांक खरा निघाला तरी कंपनी नोंदलेली आहे एवढेच कळते. काम आहे की नाही हे पाहायला पैसा कोणाकडून कोणाकडे जातो ते पाहावे. उमेदवाराच्या खिशातून जात असेल तर तिला इंटर्नशिप न म्हणता खरेदी म्हणावे आणि पावती घ्यावी. पैसा कोणाकडूनच कोणाकडे जात नसेल तर विचार करावा, पण तो घरच्या कार्यात बोलून दाखवू नये. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस दहा हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू झाली, ही गोष्ट केवळ स्टायपेंडबद्दल विचारणाऱ्या पोरांना ऐकवण्यासाठी घडली, असा मामालोकांचा समज आहे.

कामाच्या इंटर्नशिपला रेझ्युमे लागतो. तो एक पानी असावा. विसाव्या वर्षी ज्याचे आयुष्य एका पानात मावत नाही त्याने छंद, वडिलांचे नाव आणि 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' हे प्रतिज्ञापत्र काढून टाकावे. हे सारे बायोडेटातले आहे, आणि उंची व रास जशी गाळली तसे तेही गाळावे. कौशल्यांपुढे तारे काढू नयेत. 'जावा: पाचपैकी चार तारे' असे लिहिले की मुलाखत घेणारा नेमका पाचव्या ताऱ्यातला प्रश्न विचारतो.

प्रोजेक्टचा रकाना हा रेझ्युमेचा गाभा असल्यामुळे तो सर्वांचा सारखाच असतो. त्यात लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम असते. डेटा सायन्सकडे कल असेल तर टायटॅनिक. १९१२ साली बुडालेले हे जहाज कॅगलवरच्या यादीमुळे दर सत्रात नव्याने बुडते, आणि ८९१ प्रवाशांपैकी कोण वाचले हे ओळखणारे मॉडेल पुण्यात घरटी एक निघेल. दुसरे स्थान आयरिसच्या फुलांचे. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३६ च्या निबंधात घेतलेली ती दीडशे फुले अजून सुकलेली नाहीत. या रकान्यात कोणालाही प्रत्यक्ष लागेल असे काही लिहिणे शिष्टसंमत नाही. तरी एक उदाहरण नोंदवणे भाग आहे. समजा, एखादी मुलगी मेसवाल्या काकूंसाठी खाड्यांचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहिते. सलग तीन दिवसांहून कमी खाडा धरायचा नाही, आदल्या रात्री सांगितला नाही तर धरायचा नाही, रविवारी संध्याकाळी मेस बंद म्हणून तो अर्धाच दिवस. हे सगळे तासाभरात उतरते. मग कोणी ३० तारखेला गावी जातो आणि २ तारखेला येतो. खाडा दोन महिन्यांत तुटतो, दोन्हीकडे तीनपेक्षा कमी भरतो, आणि पैसे पूर्ण लागतात. काकू म्हणतात, "अगं, तो चार दिवस नव्हता, मी बघितलंय ना." त्या वाक्यानंतरचे दोन दिवस त्या मुलीने जे केले त्याला सॉफ्टवेअर लिहिणे म्हणतात. रेझ्युमेवर मात्र याचे नाव 'मेस मॅनेजमेंट सिस्टिम' असेच पडते, त्याला इलाज नाही.

गिटहबवरच्या हिरव्या चौकोनांविषयी थोडक्यात. ते रोज एक उगवावेत म्हणून वर्णनाच्या फाइलीत सोमवारी एक पूर्णविराम घालून मंगळवारी तो काढणारे साधक आहेत. हाच मार्ग सामुदायिकरीत्या चोखाळला गेला तो हॅक्टोबरफेस्टमध्ये. २०१४ पासून चाललेल्या या उपक्रमात मुक्त प्रकल्पांना थोडे योगदान दिले की टी-शर्ट मिळे. २०२० मध्ये एका व्हिडिओ-धड्यात त्याचा सोपा उपाय दिसला आणि जगभरातल्या प्रकल्पांत 'अमेझिंग प्रोजेक्ट' एवढेच दोन शब्द घालू पाहणाऱ्या विनंत्यांचा लोंढा आला. आयोजकांना उपक्रम चालू असतानाच नियम बदलावे लागले.

अर्ज करण्याचे मार्ग तीन. पोर्टलवरचा अर्ज विहिरीत दगड टाकल्यासारखा असतो, फक्त आवाज येत नाही. टीपीओ सरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात येते, सोबत 'लाइव्ह बॅकलॉग नको, दहावीपासून सगळीकडे ६० टक्के' ही अट येते, आणि खाली सत्तर जण 'थँक यू सर' लिहितात; त्या आभारांच्या खाली अर्जाचा दुवा गाडला जातो. तिसरा मार्ग रेफरलचा. यासाठी आपल्याच कॉलेजचा नोकरीला लागलेला दादा किंवा ताई शोधून रात्री साडेअकराला 'हाय दादा' पाठवायची प्रथा आहे. दुसऱ्या दिवशी तो 'बोल' म्हणतो. त्यावर 'कसा आहेस?' येते. तिसऱ्या दिवशी मूळ मुद्दा निघतो, तोवर दादाने मोबाइल खिशात ठेवलेला असतो. कोणती जागा, तिचा दुवा, रेझ्युमे आणि आपण तिथे का बसू शकतो याच्या दोन ओळी, हे एकाच संदेशात घालणारे उमेदवार उद्धट समजले जातात. रेफरल त्यांना मिळते.

मुलाखतीत टू सम येतो. लीटकोडवरचा हा क्रमांक एकचा प्रश्न: २, ७, ११, १५ या यादीतले कोणते दोन आकडे मिळून ९ होतात? उत्तर शेंबड्या पोरालाही दिसते. यंत्राला दिसावे म्हणून काय करायचे एवढेच सांगायचे असते. विचारणाऱ्याला ठाऊक असते की समोरच्याला ते पाठ आहे, आणि समोरच्याला हेही ठाऊक असते. तरी सत्यनारायणाच्या कथेप्रमाणे शेवट माहीत असूनही दोघांनी मन लावून ऐकावे. उमेदवाराने कपाळाला आठी घालावी. यादी चढत्या क्रमाने आहे का, तोच आकडा दोनदा येऊ शकतो का, असे विचारावे. मग एकात एक दोन लूप लिहून 'पण हे एन-स्क्वेअर होईल' अशी खंत व्यक्त करावी, घोटभर पाणी प्यावे, आणि नंतरच हॅशमॅप आठवावा: प्रत्येक आकडा वाचताना त्याचा जोडीदार आधी येऊन गेला का ते वहीत पाहायचे, म्हणजे एका फेरीत काम होते. पाण्याआधीच हॅशमॅप सांगणाऱ्याला त्याहून अवघड प्रश्न दिला जातो. घरून सोडवून आणायच्या असाइनमेंटचे वजन २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून उतरले आहे. आता कोडकडे न पाहता 'ही ओळ का लिहिली?' असे विचारतात. तेथे स्वतःच लिहिलेल्या ओळीकडे उमेदवार ज्या परकेपणाने पाहतो त्यावरून निकाल लागतो. खाड्यांचा हिशेब लिहिणारी या प्रश्नावर वीस मिनिटे बोलते आणि तिला थांबवावे लागते.

निवड झाल्यावर पहिला आठवडा ॲक्सेस मिळण्याची वाट पाहण्यात जातो. वाकडच्या पुलाखालून हिंजवडीत शिरायला दीड तास घालवलेला इंटर्न लॅपटॉप उघडून पासवर्डची वाट पाहत बसतो. हेही काम आहे व याचेही दिवस मोजले जातात. याच काळात संबोधनाचा प्रश्न उभा राहतो. ऑफिसात सगळ्यांना नावाने हाक मारण्याचा नियम असतो. इंग्रजीत तो पाळता येतो, पण पंधरा वर्षे मोठ्या मराठी माणसाशी कॅन्टीनच्या रांगेत मराठीत बोलायची वेळ आली की 'अरे' म्हणवत नाही, 'अहो' जुनाट वाटते, आणि 'सर' म्हटले की तो 'सर नको रे' म्हणतो. अनुभवी इंटर्न कर्ताच गाळून बोलतात: 'चहा झाला का?'

सकाळच्या स्टँडअपमध्ये काल काय केले, आज काय करणार आणि कशात अडकलो, हे तीन प्रश्न असतात. तिसऱ्याला 'नो ब्लॉकर्स' असे उत्तर देण्याची पद्धत आहे. तीन दिवस अडकलेला इंटर्नही तेच म्हणतो, कारण विचारले तर येत नाही हे कळेल अशी त्याला भीती वाटते. त्याला काही येत नाही हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत असते; तो इंटर्न आहे. अर्धा तास स्वतः झगडावे, मग काय करून पाहिले ते सांगून विचारावे, असा एक प्रघात काही टीममध्ये आहे. 'सर, डाउट आहे' एवढेच लिहून पुढचा संदेश न पाठवणे मात्र सर्वत्र रूढ आहे.

पहिले तिकीट क्षुल्लक दिसते. एका अहवालात काही नोंदी आदल्या दिवसाच्या तारखेखाली येतात, एवढीच तक्रार. इंटर्न दोन दिवस अहवालाच्या रंगात व रकान्यांत शोधतो. सातव्या दिवशी त्याच्या लक्षात येते की चुकलेल्या सगळ्या नोंदी पहाटे साडेपाचच्या आधीच्या आहेत. सर्व्हर जागतिक वेळेत तारीख मोजतो, भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे त्याचा दिवस मध्यरात्री न बदलता आपल्याकडे उजाडताना बदलतो. पंचांगाप्रमाणे ते बिनचूक आहे, पण ग्राहकाला पंचांग नको असते. दुरुस्ती तीन ओळींची निघते. ती पाठवण्याआधी त्या फाइलीत ही चूक कोणी केली हे पाहण्याचा मोह होतो, आणि गिटमध्ये त्यासाठी 'ब्लेम' नावाची आज्ञाच आहे. २००५ मध्ये लिनक्ससाठी गिट लिहायला घेणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सचा स्वभाव पाहता नाव सौम्यच म्हणायचे. खापर बहुधा शेजारी बसलेल्या सीनियरच्याच डोक्यावर फुटते. तेव्हा आज्ञा वापरावी आणि निष्कर्ष गिळावा. दोन गोष्टींपासून दूर राहावे: मुख्य ब्रँचवर फोर्स पुश करणे, आणि क्लाउडच्या किल्ल्या सार्वजनिक रेपॉझिटरीत चढवणे. दुसरी झाल्यास किल्ली पुसण्याआधी रद्द करावी, कारण अशा किल्ल्या हुडकणारे बॉट काही मिनिटांत येतात, आणि पुसलेली ओळ इतिहासात वाचता येते.

मुदत संपताना काम पुन्हा कागदाकडे वळते. कॉलेजला चाळीस पानी अहवाल हवा असतो, आणि केलेले काम तीन ओळींचे. त्यातही कोड दाखवायला कंपनीची मनाई. म्हणून पहिल्या दहा पानांत कंपनीचा इतिहास, पुढच्या दहांत वापरलेल्या भाषेचा इतिहास, मग आकृत्या व ऋणनिर्देश असा क्रम ठरून गेला आहे. रोजची डायरी आदल्या रात्री एका बैठकीत लिहिली जाते. तिच्यासाठी किमान दोन पेन ठेवावेत आणि रविवारी काम केल्याची नोंद होऊ देऊ नये. सात दिवस तारखा शोधल्याचे डायरीत 'अभ्यास केला' असे येते. परीक्षक फाइलीचे वजन पाहून सही करतात आणि बांधणी स्पायरल का, असे विचारतात.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप, चार्जर व ॲक्सेस कार्ड जमा करून सही घेतली जाते. कार्ड ज्या दोरीला लटकते ती परत मागत नाहीत.