गिऱ्हाईक वाढवा, खेळ लपवा

अमेरिकेत लोकप्रियतेत अमेरिकन फुटबॉलने बेसबॉलला कधीच मागे टाकलं. त्यावर बेसबॉलच्या मेजर लीगच्या धुरिणांनी निदान केलं: सामने फार लांबतात. 2021 मध्ये नऊ डावांचा सामना सरासरी तीन तास दहा मिनिटं चाले. 2023 पासून चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या मानगुटीवर घड्याळ बसवलं आणि सामना दोन तास चाळीस मिनिटांवर आला. उपाय खरोखरच चांगला. फक्त वेळ वाचल्याबरोबर काही क्लबांना काळजी लागली ती बिअरच्या गल्ल्याची, म्हणून सातव्या डावात थांबणारी विक्री त्यांनी आठव्यापर्यंत लांबवली!

पण खरी गंमत आयोवात. या राज्यात मेजर लीगचा एकही संघ नाही. तरी शिकागोचे दोन, शिवाय सेंट लुईस, कॅन्सस सिटी, मिनेसोटा आणि मिलवॉकी अशा सहा संघांनी वर्षानुवर्षं आयोवाला 'घरचा इलाखा' ठरवलं. आणि घरच्या संघाचे सामने लीगच्याच ऑनलाइन सेवेवर, पैसे भरूनही, थेट दिसायचे नाहीत. स्थानिक केबलवाल्यांचे हक्क सांभाळायचे ना. पाहुण्यांना पाटावर बसवायचं आणि वाढप्यांना रजा द्यायची, तसला प्रकार. त्याच आयोवात, 2021 मध्ये, 'फील्ड ऑफ ड्रीम्स' या बेसबॉलवरच्या चित्रपटाच्या आठवणीत मक्याच्या शेतात मैदान उभारून लीगने सामना भरवला. मक्यातून खेळाडू चालत आले, देशभर डोळे पाणावले.

नवे नियम, शेतातले सोहळे, सगळं झालं. आता मालकांनी एवढंच करावं: पैसे घेतलेत, तर सामना दाखवा.