घाबरण्याचा कोटा : नव्या कारकुनासाठी

अभिनंदन! अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यात तुमची नेमणूक झाली आहे. पहिल्याच सकाळी साहेबांनी तुमच्या टेबलावर देशाचा नकाशा आणि कोट्यवधी डॉलरची थैली ठेवली. कुठल्या शहरावर दहशतवादी हल्ला होईल ते ओळखायचं आणि त्या प्रमाणात पैसे वाटायचे. एवढंच काम. घाबरू नका. घाबरायचं शहरांनी; तुम्ही फक्त गुणाकार करायचा.

आधी सूत्र पाठ करा. जोखीम म्हणजे धोका गुणिले भेद्यता आणि परिणाम. २००७ मध्ये खात्याने धोक्याला २० टक्के वजन दिलं आणि बाकीच्या दोघांना मिळून ८०. आता एखादं शहर किती भेद्य आहे हे मोजायचं कसं? फार डोकं खाजवू नका. खात्याने तोडगा काढून ठेवला होता : सगळ्यांना १. मॅनहॅटनला १, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या गावाला १. हल्लेखोर कुठूनही कुठेही जाऊ शकतो, तेव्हा सगळीच शहरं सारखीच भेद्य, असा त्यामागचा विचार. एखाद्या संख्येला एकाने गुणल्यावर काय येतं हे चौथीतली पोरंही सांगतील. संसदेच्या लेखातपासनीसांना मात्र ते २००८ मध्ये अहवाल लिहून सांगावं लागलं.

आता शहरात काय काय आहे ते मोजणाऱ्या तक्त्याच्या रकान्यांकडे वळू. खरी मेख तिथेच आहे, म्हणून इथे जरा निवांत बसा.

२००५ मध्ये न्यूयॉर्क शहराला शहरांसाठीच्या या सुरक्षा निधीतून सुमारे २० कोटी ७० लाख डॉलर मिळाले होते. ३१ मे २००६ रोजी नवे आकडे जाहीर झाले, तेव्हा ते साडेबारा कोटींच्या आत आले होते. चाळीस टक्के कात्री. राजधानी वॉशिंग्टनलाही तेवढीच. म्हणजे ११ सप्टेंबर २००१ ला विमानं जिथे येऊन आदळली, नेमक्या त्याच दोन ठिकाणांचे पैसे कापले गेले. त्याच वर्षी लुईव्हिल, ओमाहा, शार्लट या शहरांचे वाढले. न्यूयॉर्कच्या लोकांनी खात्याचा तक्ता पाहिला. ‘राष्ट्रीय स्मारकं आणि मानचिन्हं’ या रकान्यात न्यूयॉर्कसमोर आकडा होता शून्य.

हसू नका, खात्याकडे उत्तर तयार होतं. एम्पायर स्टेट बिल्डिंग? ती मोठ्या ऑफिस इमारतींमध्ये मोजली आहे. ब्रुकलिन ब्रिज? तो पुलांमध्ये. उत्तर चुकीचं नव्हतंच. पूल हा पूलच असतो. पण बंदरात शतकभर मशाल धरून उभी असलेली ती बाई सातबाऱ्यावर दिसेना, म्हटल्यावर शहराचा पारा चढायचा तो चढलाच. मंत्री मायकेल चर्टॉफ यांच्यावर त्यांच्याच पक्षाचे न्यूयॉर्कचे खासदार पीटर किंग तुटून पडले. तुमच्यासाठी यातला धडा असा की, रकाने आखताना शब्द जपून निवडा. जगात काय उभं आहे याने पैसे ठरत नाहीत, ते कुठल्या रकान्यात उभं आहे याने ठरतात.

रकाना नीट भरता आला तर काय होतं, हे इंडियानाकडून शिका. त्याच उन्हाळ्यात खात्याच्या अंतर्गत तपासनीसांनी राष्ट्रीय मालमत्ता यादी उघडून पाहिली. देशाच्या दृष्टीने मोलाच्या ७७,०६९ जागा. त्यांतल्या ८,५९१ एकट्या इंडियाना राज्यात. न्यूयॉर्क राज्याच्या दीडपट, कॅलिफोर्नियाच्या दुपटीहून जास्त. इंडियानाच्या यादीत पॉपकॉर्नचा एक कारखाना होता. अलाबामातून मुलांनी शेळ्यामेंढ्या कुरवाळायचं एक प्राणिघर आलं होतं, टेनेसीतून खेचरांची मिरवणूक. राज्यांना ‘महत्त्वाचं काय ते कळवा’ एवढंच सांगितलं की असं होतं. ज्याचा कारकून हौशी, त्याचं राज्य संकटात.

राज्यांना मिळणारा निधी वेगळा असतो. त्यात तर तुम्हाला गुणाकाराचेही कष्ट नाहीत. प्रत्येक राज्याला एकूण रकमेच्या किमान ०.७५ टक्के द्यायचे, हे २००१ च्या पॅट्रियट कायद्यातच लिहून ठेवलं होतं. वायोमिंगची वस्ती पाच लाखांच्या आसपास, न्यूयॉर्क राज्याची दोन कोटींच्या जवळ; माणशी हिशेब केला तर वायोमिंगचा गुराखी न्यूयॉर्कच्या लोकल-प्रवाशाच्या कितीतरी पट सुरक्षित. हा नियम बदलायचा तर सिनेटमध्ये मत हवं, आणि तिथे दोन्ही राज्यांचे सभासद दोन-दोनच. अकरा सप्टेंबरच्या चौकशी आयोगाने २००४ मध्येच बजावलं होतं की, हे पैसे खिरापतीसारखे वाटू नका. २००७ मध्ये हा किमान हिस्सा निम्मा झाला. शून्य झाला नाही.

अर्ज तपासताना शहर काय मागतं आहे तेही पाहा. न्यूयॉर्कने पोलिसांच्या जादा कामाचे पैसे मागितले होते. ते काही खात्याला रुचलं नाही. पोलीस दर महिन्याला पगार मागतो, आणि त्याच्यासोबत फोटो काढायला कुणी जमत नाही. यंत्र एकदाच घ्यायचं असतं. न्यू हॅम्पशायरमधल्या कीन या गावाने चिलखती गाडी मागितली. गाव तेवीस हजारांचं, आणि धोक्याचं वर्णन करताना अर्जात दरवर्षी भरणाऱ्या भोपळ्यांच्या जत्रेचा उल्लेख. गाडी मंजूर! मिशिगनमध्ये सुरक्षेच्या पैशांतून बर्फाचे गोळे करायची १३ यंत्रं घेतली गेली : उष्माघाताच्या रोग्यांना बर्फ मिळेल, शिवाय गोळा खायला आलेल्या लोकांना आपत्तीची माहितीही देता येईल. हे सगळं सिनेटर टॉम कोबर्न यांनी २०१२ मध्ये एका अहवालात मांडलं. कारकुनाने असे अहवाल जरूर वाचावेत, त्यात यशस्वी अर्जांचे नमुने असतात.

शेवटचं काम पत्रांचं. शहरांना निधी देण्याची ही योजना २००३ मध्ये सात शहरांपासून सुरू झाली. मग प्रत्येक खासदाराला आपलं शहर धोक्यात असल्याचा साक्षात्कार होत गेला आणि २०१० पर्यंत यादी चौसष्टवर पोचली. पुढच्या वर्षी संसदेने पैसे कमी केले आणि यादीत एकतीस शहरं उरली. वगळलेल्यांना पत्रं तुम्हालाच लिहायची आहेत. मजकुरात ‘निधी कमी झाला’ असं लिहा. ‘धोका कमी झाला’ असं चुकूनही लिहू नका; तसं कुणी तपासलेलं नाही.