कुंपणावरून उतरल्याचा तोटा

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, मिनेसोटाच्या बांधाला बांध लावून, हॉवर्ड नावाची काउंटी आहे. वस्ती साडेनऊ हजारांच्या आसपास. मका, सोयाबीन आणि डुकरं. २०१२ साली या काउंटीने ओबामांना सुमारे २१ टक्क्यांची आघाडी दिली आणि चारच वर्षांनी ट्रम्प यांना सुमारे २० टक्क्यांची. त्या देशात तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत. दोन्ही बाजूंना एवढा मोठा झोका घेणारी ही एकटीच.

मग काय, पत्रकारांची रीघ लागली! क्रेस्को या तिथल्या मुख्य गावी येऊन विचारू लागले, 'अहो, तुम्हाला झालं तरी काय?' जसा काही रातोरात ताप भरला होता.

क्रेस्कोच्या शाळेत कुस्ती शिकलेला एक पोरगा पुढे आपल्याकडेही नाव काढून गेला. नॉर्मन बोरलॉग, हरितक्रांतीचे जनक. ते याच काउंटीत वाढले. रेशनवरची अमेरिकन मिलो ज्वारी नाक मुरडत खाल्लेल्या आपल्या आजीआजोबांना माहीत नसेल, पण त्या रांगेतून देश बाहेर पडला त्यात या गावच्या पैलवानाचा हात होता. तेव्हा डाव कधी पालटायचा, हे अशा गावाला शहरातून येऊन कोणी शिकवायला नको.

आणि पालटण्याची सवय आयोवाला जुनीच. १९८० आणि १९८४ साली रिपब्लिकन रेगन यांना मत दिलं. त्या दशकात व्याजदर भडकले, जमिनीचे भाव कोसळले, कर्जापायी शेतांचे लिलाव निघाले. १९८८ साली डेमोक्रॅट उमेदवार डुकाकिस देशभरात फक्त १० राज्यं जिंकले. त्यांत आयोवा होतं, तेही जवळपास १० टक्क्यांनी! तेव्हा 'शेतकरी बिथरला' असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. आपल्या बाजूला आला की शेतकरी सुज्ञ असतो.

२०१६ साली ओबामांना दोनदा निवडणाऱ्या आयोवातल्या ३१ काउंट्या ट्रम्प यांच्याकडे गेल्या. एका राज्यातून एवढ्या दुसरीकडे कुठेच नाहीत. खेड्यातला, कॉलेजची पदवी नसलेला गोरा मतदार देशभर त्याच वाटेने निघाला होता. हॉवर्डमध्ये जवळजवळ सगळे तेच, म्हणून तिथे ते ठळक दिसलं, इतकंच.

२०१८ साली ट्रम्प यांनी चीनशी व्यापारयुद्ध छेडलं आणि चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क ठोकलं. आता शेतकरी उलटणार, असं जाणकारांनी छातीठोकपणे सांगितलं. सरकारने त्या वर्षी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली, पुढच्या वर्षी १६ अब्जांची. बाजार बुडवायचा आणि भरपाईचा चेक पाठवायचा! आपल्याकडच्या कांदा उत्पादकाने हे वाचून उसासा टाकला असेल. त्याच्या वाट्याला पहिला अर्धा भाग नेमाने येतो, दुसरा क्वचित. २०२० साली हॉवर्डने ट्रम्प यांची आघाडी आणखी वाढवली.

आणि इथेच गडी फसला. कुंपणावर होता तोवर आयोवाचा थाट काय वर्णावा! १९७२ पासून राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मागणाऱ्यांची पहिली परीक्षा इथेच. डी मॉइनच्या जत्रेत लोण्याची अख्खी गाय घडवतात. तिच्यापुढे भावी राष्ट्राध्यक्ष माना तुकवायचे, काडीला टोचलेलं मांस कॅमेऱ्यांसमोर चावायचे आणि मक्यापासून केलेल्या इथेनॉलचे गोडवे गायचे. सोयरीक जमेपर्यंत मुलीकडच्यांना जेवढा मान असतो, तेवढा.

आता सोयरीक जमली. एका पक्षाला वाटतं, ही मतं आपलीच, कुठे जाणार? दुसऱ्याला वाटतं, ती गेलीच, कशाला जा? २०२० साली डेमोक्रॅट पक्षाने तिथल्या या पहिल्या परीक्षेच्या निकालाच्या रात्री नवं अ‍ॅप वापरून असा घोळ घातला की विजेता कोण ते रात्र सरली तरी कळेना. पहिला मान काढून घ्यायला पक्षाला निमित्तच मिळालं.

२०२४ साली ट्रम्प यांनी आयोवा १३ टक्क्यांनी जिंकलं. त्या वर्षी डेमोक्रॅट पक्षाचं पहिलं अधिकृत मतदान साउथ कॅरोलिनात झालं.