टँकर किती वाजता येणार?

आमच्या सोसायटीला वेबसाइट हवी आहे. टँकर कधी येणार ते कळावं, मेंटेनन्स कोणाचा थकलाय ते सगळ्यांना दिसावं आणि क्लबहाउसचं बुकिंग करता यावं, एवढीच मागणी. पुण्यातली सोसायटी असल्यामुळे दर मजल्यावर किमान एक सॉफ्टवेअर इंजिनिअर राहतो. त्यामुळे काम आठवड्यात होईल, असा चेअरमनसाहेबांचा समज होता. चेअरमन बँकेतून निवृत्त झालेले आहेत, त्यांना क्षमा आहे. पहिल्याच बैठकीत फ्रेमवर्क निवड उपसमिती नेमली गेली.

ए विंगचा आग्रह रिॲक्टचा. फेसबुकने २०१३ साली ते सर्वांसाठी खुलं केलं आणि तेव्हापासून नोकरीच्या जाहिरातींत त्याचं नाव असतंच. पण मांडणी सुरू होताच ए विंगनेच खुलासा केला, की रिॲक्ट हे फ्रेमवर्क नाही, लायब्ररी आहे. मग उपसमितीचं नाव बदलायचा ठराव आला, त्यावर पाऊण तास गेला. ठराव मंजूर होणार, तेवढ्यात कोणीतरी सांगितलं, की फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द रिॲक्टवाल्यांनीच नवं काम एखाद्या फ्रेमवर्कवर सुरू करा, असा सल्ला दिलाय. ठराव मागे घेण्यात आला.

बी विंग अँग्युलरवाली, म्हणजे शिस्तीची माणसं. २०१६ साली अँग्युलरची दुसरी आवृत्ती आली तेव्हा पहिलीतलं बरंचसं काम नव्याने लिहावं लागलं होतं, ही जखम ए विंगने उकरून काढली. शिवाय तिसरी आवृत्ती गूगलने काढलीच नाही, दुसरीनंतर थेट चौथी. यात चेअरमनना काहीच वावगं वाटलं नाही. आमच्या बिल्डरनेही बाराव्या मजल्यानंतर थेट चौदावा बांधलाय.

सी विंगमधला एक मुलगा स्वेल्टबद्दल बोलला. त्यात बरंचसं काम आधीच उरकून घेतात, त्यामुळे बघणाऱ्याच्या फोनवर कमी कोड उतरतो. मुद्दा रास्त होता. ‘त्यात जॉब किती आहेत?’ एवढं विचारून त्याला बसवण्यात आलं.

इथे माझ्यासारख्याच्या डोक्यात थोडा प्रकाश पडला. उपसमितीत एकाने तरी वॉचमनचा फोन हातात घेऊन पाहिला होता का? टँकरची नोंद तोच करणार. फोन स्वस्तातला, काच तडकलेली, गेटपाशी रेंज जेमतेम. पानाबरोबर आलेली जावास्क्रिप्ट आधी उतरवायची, मग त्या बिचाऱ्या फोनने ती चालवायची, तेव्हा कुठे बटण दाबलं जाणार. तोवर टँकर रिकामा होऊन निघून गेलेला असेल. प्रात्यक्षिकं मात्र सगळी नव्याकोऱ्या लॅपटॉपवर, फायबरच्या जोडणीवर झाली. लखलखीत दिसली, नाही म्हणवत नाही.

शेवटी एकमत झालं ते नव्या टूमवर: पान सर्व्हरवरच तयार करायचं आणि तयार पान पाठवायचं. चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘अहो, पीएचपीत आम्ही हेच करत होतो!’ काकांचा मुद्दा इतिवृत्तात नोंदवलेला नाही.

खरं सांगायचं तर टँकर आणि थकबाकी यांना साधं पान पुरे. बुकिंगला एक फॉर्म लागेल, आणि फॉर्म भरून पाठवायची सोय एचटीएमएलच्या १९९५ सालच्या प्रमाणित आवृत्तीतसुद्धा होती. पण साध्या पानाने कोणाचा बायोडेटा सजत नाही. ज्याला जे शिकायचं आहे ते तो सोसायटीच्या खर्चाने शिकणार, आणि शिकून झालं की बंगळूरला जाणार. मागे राहतात आवृत्त्या. त्याही म्हाताऱ्या होतात: व्ह्यू नावाच्या आणखी एका फ्रेमवर्कच्या दुसऱ्या आवृत्तीची अधिकृत देखभाल २०२३ च्या अखेरीस थांबली.

तेव्हा आपापल्या सोसायटीत अशी उपसमिती नेमणाऱ्या वाचकांना एक विनंती. वेग, लोकप्रियता वगैरे चर्चा सावकाश होऊ द्या. आधी हात वर करायला लावून एवढंच विचारून घ्या, की इथे नोटीस पिरियडवर कोण कोण आहे?