तिसरा स्कोप गुजरातचा

नवापुरात शेठ व्हायला फार काही लागत नाही. एक दालमिल, जोडीला कोंबड्यांच्या चार शेड आणि नोटा मोजता मोजता 'धंद्यात आता काही राहिलं नाही' म्हणण्याचा सराव, एवढं पुरतं. आमचे शेठ तिन्ही बाबतींत पक्के. सदऱ्याच्या खिशात दोन पेनं: एक स्वतःसाठी, दुसरं मागणाऱ्याला द्यायला. दुसरं उमटत नाही.

शेठ वाया काही घालवत नाहीत. तूर भरडली की डाळ बाजारात, चुनी गुरांना, कोंबडखत शेतकऱ्याला. पुण्याहून एमबीए होऊन आलेला भाचा हे बघून भारावला. "मामा, याला चक्राकार अर्थव्यवस्था म्हणतात!"

"म्हणू दे. त्याचे वेगळे पैसे मिळतात का?"

मिळण्याची वेळ आली ती एका फॉर्मच्या रूपाने. सेबीने 2022-23 पासून शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. सेबी कंपनीला विचारते, कंपनी माल पुरवणाऱ्याला विचारते, असं करत करत मुंबईचा प्रश्न घरंगळत नवापूरला आला. शेठची डाळ घेणाऱ्या कंपनीने लिहिलं होतं: फॉर्म भरा, मग पुढची ऑर्डर.

पहिलाच प्रश्न: आपल्या व्यवसायाची सीमा कोणती धरली आहे?

शेठच्या चेहऱ्यावर तेज आलं. सीमेबद्दल नवापूरकराला विचारायचं? इथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट खिडकी या राज्यात, स्टेशन मास्तर त्या राज्यात. फलाटावरच्या एका बाकावर तर नवरा महाराष्ट्रात आणि बायको गुजरातेत बसू शकते. अशा गावात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट उपजत कळते: सीमा ही जमिनीवर नसते, आपण कुठे सरकून बसतो त्यावर असते.

भाचा समजावू लागला. "कार्बनचा हिशेब तीन भागांत असतो, मामा. पहिला स्कोप म्हणजे आपल्या जनरेटरचा धूर. दुसरा, आपण विकत घेतो त्या विजेमागचा. तिसरा, मालाच्या मागचा-पुढचा सगळा. तूर आणणारे ट्रक, डाळ नेणारे ट्रक..."

"ट्रक आपले आहेत?"

"नाही."

"जातात कुठं?"

"सुरतेला."

"मग तिसरा स्कोप गुजरातचा. लिही."

पुढचा रकाना 'नेट झिरो'चा. तुमचं उत्सर्जन शून्यावर कधी आणणार? भाच्याने सांगितलं, भारताने 2021 साली ग्लासगोच्या परिषदेत 2070 साल दिलंय. शेठ म्हणाले, "आपलंही तेच लिही. मोठ्यांच्या पुढे जाऊ नये."

"पण मामा, शाश्वत विकासाची व्याख्याच अशी आहे," भाचा कळवळला. "1987 च्या ब्रुंटलँड आयोगाने म्हटलंय, आजची गरज भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर गदा येऊ द्यायची नाही."

"कशी येईल? त्यांच्यासाठी सुरतेत दोन फ्लॅट घेऊन ठेवलेत."

मग शेडचा विषय निघाला. शेडचा वास आणि माशा पलीकडच्या वस्तीत जातात, खिडक्या लावून तिथले लोक बसतात आणि अंड्यांचे पैसे मात्र शेठच्या गल्ल्यात. दुसऱ्यावर ढकललेल्या अशा खर्चाला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. पिगू या इंग्रज अर्थतज्ज्ञाने 1920 साली सुचवलं होतं, की ज्याने खर्च ढकलला त्याच्याकडूनच तो कराने वसूल करावा. शेठने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वारा कुणाच्या नावावर आहे?"

भाच्याला उत्तर सुचेना. मला मात्र 2006 चा फेब्रुवारी आठवला. देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला तो नवापुरात. कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या, अंडी नष्ट केली, गावात मास्क लावलेली पथकं फिरू लागली. त्या आठवड्यात शेठच्या धंद्याची सीमा रातोरात दिल्लीपर्यंत वाढली. "हा एकट्या नवापूरचा प्रश्न नाही, राष्ट्रीय प्रश्न आहे," असं ते भेटेल त्याला सांगत होते. भरपाईच्या अर्जावर दोन्ही पेनं चालली. 2021 च्या फेब्रुवारीत रोग पुन्हा आला, तेव्हाही प्रश्न राष्ट्रीयच होता. मधल्या पंधरा वर्षांचा नफा तेवढा स्थानिक.

भाचा हट्टाला पेटला. "मामा, मोठ्या कंपन्या अशी चालढकल करत नाहीत. थांबा, आपल्या या कंपनीचाच अहवाल दाखवतो." त्याने मोबाइलवर जाडजूड अहवाल उघडला. मुखपृष्ठावर हिरवं पान, त्यावर दवाचा थेंब. पहिला स्कोप भरलेला, दुसरा भरलेला. तिसऱ्यासमोर रेघ.

"ही रेघ कसली?"

भाचा पुटपुटला, "सेबीच्या नमुन्यात तिसरा स्कोप ऐच्छिक आहे."

शेठने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि रेघ नीट न्याहाळली. एखादा हरवलेला नातेवाईक सापडावा तसा आनंद त्यांच्या तोंडावर पसरला.

"म्हणजे मुंबईतसुद्धा नवापूर आहे!" ते म्हणाले. "कळव त्यांना, बाक कमी पडला तर इथून पाठवतो. भाडं मात्र त्यांच्या हद्दीतलं."